गाऱ्हाण्यांच्या वह्या : जुन्या आणि नव्या

१७८९ सालच्या वसंत ऋतूत फ्रान्सच्या गावोगावी एक अपूर्व गोष्ट घडली. राज्याची तिजोरी रिकामी पडली होती. नव्या करांना संमती मिळावी म्हणून सोळाव्या लुई राजाने, पावणेदोनशे वर्षांत जी एकदाही भरली नव्हती, ती तीन वर्गांची महासभा बोलावली. आणि सभेला प्रतिनिधी पाठवताना प्रजेने आपली गाऱ्हाणी लिहून पाठवावीत, अशी आज्ञा केली. लोक गावोगावी जमले. ज्याला लिहिता येत होते त्याने लेखणी हाती घेतली, बाकीच्यांनी सांगितले. अशा सुमारे ६०,००० वह्या त्या वर्षी तयार झाल्या. एका मोठ्या राष्ट्राचे मन इतक्या विस्ताराने कागदावर उतरल्याचे दुसरे उदाहरण त्या काळात सापडणे कठीण आहे.

राज्यक्रांतीची उदात्त सूत्रे शोधण्यासाठी या वह्या उघडणाऱ्या अभ्यासकाला तेथे पुनःपुन्हा भेटते ते मिठावरील कराचे गाऱ्हाणे. हा कर एका प्रांतात नाममात्र, तर शेजारच्या प्रांतात कित्येक पटींनी जड असे. आणि सरदार व धर्मगुरू यांच्यापैकी अनेकांना त्यातून सूट असे. मिठाच्या कराविषयी मराठी श्रोत्यांना अधिक सांगण्याचे कारण नाही. १९०२ साली नामदार गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले, त्यात या कराचा समाचार घेतला होता; आणि १९३० साली दांडीपासून शिरोड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर लोकांनी तो कायदा उघडपणे मोडला. गरिबाला जो कर चुकवता येत नाही आणि श्रीमंताला जो जाणवतही नाही, त्या कराची रक्कम लहान असली तरी त्याचा सल मोठा असतो. फ्रान्समध्ये हा कर १७९० साली रद्द झाला.

या जुन्या वह्यांची आठवण होण्याचे कारण असे की, २०१८ साली त्याच देशात पुन्हा एकदा एका करावरून गाऱ्हाण्यांचा पूर लोटला. या वेळी ती वहीत लिहिली गेली नाहीत. ती फेसबुकसारख्या समाजमाध्यमांवर लिहिली आणि बोलली गेली. कर होता मोटारीच्या इंधनावरचा, आणि त्याचा एक घोषित हेतू होता पृथ्वीचे वाढते तापमान रोखण्याचा. हवामानविषयक धोरणाबद्दल सामान्य जनांचे मत समाजमाध्यमांतून इतक्या प्रखरपणे प्रकट झाल्याचे आणि त्याने सरकारला आपला निर्णय फिरवावयास लावल्याचे हे ठळक ऐतिहासिक उदाहरण होय. म्हणूनच ते मत नेमके काय होते, हे शांतपणे तपासून पाहणे उचित ठरेल.

प्रथम कराचे स्वरूप पाहू. कोळसा, तेल व वायू जाळल्याने कार्बन डायऑक्साइड हवेत साचतो आणि त्यामुळे पृथ्वी तापते. जो हे इंधन जाळतो त्याला या हानीची किंमत मोजावी लागत नाही. ती इतरांच्या आणि पुढील पिढ्यांच्या माथी पडते. तेव्हा हवेत सोडलेल्या प्रत्येक टनामागे काही कर बसवावा, म्हणजे इंधन महाग होईल आणि लोक ते बेताने वापरतील, असा अर्थशास्त्रज्ञांचा युक्तिवाद आहे. तो तर्कशुद्ध आहे. मात्र त्यात एक गृहीत दडलेले आहे : इंधन महाग झाल्यावर ज्याने ते सोडावयाचे, त्याच्यापाशी दुसरा काही मार्ग उपलब्ध असला पाहिजे.

फ्रान्समध्ये या कराचा पहिला प्रयत्न अध्यक्ष सारकोझी यांच्या कारकीर्दीत झाला. दर टनास १७ युरो असा कर १ जानेवारी २०१० पासून लागू व्हावयाचा होता. तत्पूर्वी तीनच दिवस आधी, २९ डिसेंबर २००९ रोजी, तेथील संविधान परिषदेने तो रद्दबातल ठरवला. कारण मोठे बोलके आहे. देशातील सर्वांत अधिक धूर सोडणाऱ्या हजाराहून अधिक कारखान्यांना करातून सूट होती. युरोपातील उत्सर्जन-परवान्यांच्या बाजारात ते आधीच सामील आहेत, ही सबब पुढे करण्यात आली होती, परंतु ते परवाने तर त्या वेळी फुकट वाटले जात होते. सार्वजनिक भार सर्वांनी समानतेने वाहावा या तत्त्वाचा हा भंग आहे, असा परिषदेने निर्णय दिला. म्हणजे पुढे नऊ वर्षांनी जे रस्त्यावर ओरडून सांगितले गेले, ते न्यायाच्या भाषेत आधीच लिहून ठेवलेले होते.

दुसरा इशारा २०१३ साली मिळाला. अवजड मालमोटारींवर पर्यावरण-कर बसविण्याचे ठरताच ब्रिटनी प्रांतातील शेतकरी, कामगार व छोटे उद्योजक लाल टोप्या घालून रस्त्यावर आले. या टोपीमागेही इतिहास होता : १६७५ साली चौदाव्या लुईच्या मुद्रांक-कराविरुद्ध याच प्रांतात जे बंड झाले, त्यातील लोकांची ती खूण होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारने हा कर स्थगित केला.

तथापि पुढच्याच वर्षी कार्बन कराने इंधनावरील जुन्या अबकारीच्या पोटात शांतपणे प्रवेश केला. २०१४ साली तो दर टनास ७ युरो होता; २०१७ साली ३०.५ आणि २०१८ साली ४४.६ युरो झाला. २०२२ पर्यंत तो ८६.२ युरोवर न्यावयाचा, असा कायदाही झाला. आरंभीची वर्षे निर्विघ्न गेली, कारण २०१४ च्या उत्तरार्धापासून जगाच्या बाजारात कच्चे तेल झपाट्याने स्वस्त झाले आणि कराची वाढ त्या स्वस्ताईत झाकली गेली. २०१८ साली मात्र तेल महागले आणि त्याच वर्षी डिझेलवरील करही लिटरमागे ७.६ सेंटने वाढला. झाकण उडाले.

याला आणखी तीन गोष्टींची जोड मिळाली. फ्रान्समधील अर्ध्याहून अधिक मोटारी डिझेलवर चालत होत्या, आणि त्या घ्याव्यात म्हणून अनेक दशके सरकारनेच डिझेलवरचा कर कमी ठेवला होता. विमानाच्या इंधनावर हा कर नव्हता. आणि त्याच वर्षाच्या पहिल्या दिवसापासून धनिकांवरील जुना संपत्ती-कर रद्द होऊन त्याच्या जागी केवळ स्थावर मालमत्तेवरचा कर आला होता. शिवाय इंधनावरील वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग सर्वसाधारण अर्थसंकल्पात जात होता. शहरापासून दूर राहणारा, कामावर जाण्यासाठी रोज मैलोगणती गाडी हाकणारा, जवळचे रेल्वेस्थानक बंद झालेला मनुष्य हा हिशेब मांडू लागला, तेव्हा त्याला तो जुळेना.

हा हिशेब त्याने कोठे मांडला? राजकीय पक्षाच्या सभेत नाही आणि कामगार संघाच्या कचेरीतही नाही. जानेवारी २०१८ पासूनच फेसबुकवर जिल्ह्याजिल्ह्यांचे ‘क्रोध’ या नावाचे गट निघू लागले होते. नावापुढे जिल्ह्याचा क्रमांक असे. आरंभी तेथील राग होता तो ग्रामीण रस्त्यांवरील वेगमर्यादा ताशी ९० वरून ८० किलोमीटरवर आणण्याच्या निर्णयावर. मे महिन्यात पॅरिसजवळच्या एका उपनगरात छोटा व्यवसाय करणाऱ्या प्रिसिलिया लुडोस्की या तरुण स्त्रीने इंधनाचे दर कमी करावेत असे एक निवेदन महाजालावर ठेवले. अनेक महिने त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ऑक्टोबरात वृत्तपत्रांनी त्याची दखल घेताच सह्यांचा ओघ सुरू झाला आणि हिवाळ्याच्या तोंडी तो १० लाखांच्या पार गेला. त्याच जिल्ह्यातील एरिक द्रुए या मालमोटार-चालकाने १७ नोव्हेंबरला रस्ते अडविण्याची हाक फेसबुकवरून दिली. ब्रिटनीतील जाक्लिन मुरो या बाईंची, आमच्या पैशांचे तुम्ही करता तरी काय, असे अध्यक्षांना विचारणारी ध्वनिचित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. प्रत्येक मोटारीत कायद्याने सक्तीचे असलेले चमकदार पिवळे जाकीट ही खूण करावी, ही कल्पनाही अशाच एका फितीतून पसरली. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी गृहखात्याच्याच मोजणीप्रमाणे पावणेतीन लाखांहून अधिक लोक देशभरच्या चौकांत व नाक्यांवर उभे राहिले. त्या दिवशीच एका स्त्रीचा प्राण गेला. १ डिसेंबरला पॅरिसच्या विजयकमानीत घुसून जमावाने नासधूस केली. ४ डिसेंबरला पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी करवाढ सहा महिने तहकूब केल्याचे जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी २०१९ सालची वाढ सरकारने पूर्णपणे मागे घेतली. कार्बन कराचा दर ४४.६ युरोवर जो थांबला, तो पुढील अर्थसंकल्पांनीही वाढवला नाही.

या घटनेचा जो पहिला अर्थ जगभर लावला गेला, तो असा : लोकांना पृथ्वीची पर्वा नाही, स्वस्त पेट्रोलची आहे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष डॉनल्ड ट्रंप यांनी ४ डिसेंबरलाच ट्विटरवर लिहून टाकले की, पॅरिस कराराविषयी आपण दोन वर्षांपूर्वी काढलेला निष्कर्ष आता फ्रान्सच्या अध्यक्षांना आणि निदर्शकांनाही पटला आहे. पर्यावरणाविषयी कळकळ असणाऱ्या अनेकांनीही हताशपणे हेच मानले. परंतु हा अर्थ टिकत नाही.

त्याच वर्षी २८ ऑगस्टला पर्यावरणमंत्री निकोला ह्युलो यांनी सकाळच्या रेडिओ-मुलाखतीत, चालू कार्यक्रमातच, राजीनामा दिला होता. आपण एकटे पडलो आहोत, ही त्यांची तक्रार होती. तेव्हा एका अप्रसिद्ध नागरिकाने फेसबुकवरूनच हाक दिली आणि ८ सप्टेंबरला हवामानरक्षणासाठी हजारो लोक पॅरिसच्या रस्त्यांवर चालले. १८ डिसेंबरला, म्हणजे करवाढ मागे घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत, चार संस्थांनी महाजालावर दुसरे निवेदन मांडले : हवामानबदल रोखण्यात कुचराई केल्याबद्दल राज्यसंस्थेवरच दावा दाखल करण्यास पाठिंबा द्या. त्यावर ४८ तासांच्या आत १० लाख आणि वर्ष संपण्यापूर्वी २० लाख सह्या झाल्या. एकाच देशात, एकाच ऋतूत, एकाच माध्यमावर इंधन-कराविरुद्ध १० लाख लोक आणि हवामानासाठी २० लाख लोक! दोन्हींवर सह्या करणारे तेच लोक होते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु केवळ पहिला आकडा वाचून ज्यांनी लोकमताचा निकाल दिला, त्यांनी अर्धीच वही वाचली होती, हे मान्य करावे लागेल.

पहिली वही तरी त्यांनी नीट वाचली होती का? नोव्हेंबरच्या अखेरीस पिवळ्या जाकीटवाल्यांची म्हणून जी ४२ मागण्यांची यादी वृत्तपत्रांकडे व लोकप्रतिनिधींकडे आली, तिच्यात इंधनावरची करवाढ थांबवा अशी मागणी होतीच. परंतु त्याच यादीत विमानांच्या व जहाजांच्या इंधनावर कर बसवा, मालाची वाहतूक रेल्वेने करा, घरांत ऊब टिकून राहावी म्हणून भिंती-छपरे दुरुस्त करण्याची मोठी योजना आखा, छोटे लोहमार्ग, टपालकचेऱ्या व शाळा बंद करू नका, अशाही मागण्या होत्या. यांतील बहुतेक मागण्या एखाद्या हवामानतज्ज्ञाने केल्या असत्या, तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. ‘तुम्हांला जगाच्या अंताची चिंता, आम्हांला महिनाअखेरीची’ हे वाक्य त्या दिवसांत सर्वतोमुखी झाले होते. ८ डिसेंबरला पॅरिसमध्ये हवामान-मोर्चा आणि पिवळी जाकिटे एकाच दिवशी रस्त्यावर आली, तेव्हा अनेकांनी ती घोषणा बदलून घेतली : जगाचा अंत आणि महिन्याचा अंत, लढा एकच.

याचा अर्थ समाजमाध्यमांवरील प्रत्येक शब्द शिरोधार्य मानावा असा नव्हे. याच गटांतून त्या डिसेंबरात एक विलक्षण आवई उठली होती की, माराकेश येथे स्थलांतराविषयीच्या करारास संमती देऊन अध्यक्ष फ्रान्स देश संयुक्त राष्ट्रसंघाला विकणार आहेत. शेकडो वर्षांपूर्वी बाजारात उठणाऱ्या वावड्या आणि ही आवई यांत जातीचा फरक नाही. फरक वेगाचा आहे. त्याहूनही विचारणीय गोष्ट दुएन आणि फाब्र या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ च्या आरंभी केलेल्या पाहणीत दिसून आली. कार्बन कराचे सर्व उत्पन्न प्रत्येक प्रौढ नागरिकाला समान वाटून परत दिले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. अशा योजनेत अल्प उत्पन्नाच्या बहुतेक कुटुंबांचा लाभच होतो. तरीही बहुसंख्यांनी ती नाकारली. आपले होणारे नुकसान त्यांनी प्रत्यक्षाहून अधिक धरले आणि लाभाचा हिशेब समोर मांडल्यावरही अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. विश्वास एकदा उडाला, म्हणजे खरा हिशेबही खोटा वाटू लागतो. करवाढ मागे घेता येते. उडालेला विश्वास परत आणावयास फार वेळ लागतो.

सरकारने तो परत आणण्याचा यत्न केला, हे नमूद केले पाहिजे. १५ जानेवारी ते १५ मार्च २०१९ या दोन महिन्यांत देशभर ‘राष्ट्रीय महाचर्चा’ भरविण्यात आली. सुमारे १०,००० स्थानिक सभा झाल्या आणि महाजालावर १९ लाखांहून अधिक टिपणे आली. आणि येथे इतिहासाने जणू आपले जुने पान उलटले : ग्रामीण भागातील नगराध्यक्षांनी डिसेंबरातच आपल्या कचेऱ्यांत कोऱ्या वह्या ठेवून लोकांना गाऱ्हाणी लिहावयास सांगितले होते. वह्यांना लोकांनी नाव दिले तेही १७८९ चेच. अशा १६,००० हून अधिक वह्या भरल्या. ज्यांना फेसबुकवर ओरडणे जमत नव्हते वा रुचत नव्हते, अशा वृद्धांनी आणि गृहिणींनीही त्यांत लिहिले. पण लोकांनी लिहिलेले लोकांपुढे येण्यास विलंबच झाला. त्या वह्या जिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत जाऊन पडल्या आणि त्या सर्वांना खुल्या कराव्यात यासाठी राष्ट्रीय सभेला मार्च २०२५ मध्ये ठराव संमत करावा लागला.

दुसरा प्रयोग अधिक धाडसाचा होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने सर्व थरांतून निवडलेल्या १५० नागरिकांची सभा ऑक्टोबर २०१९ पासून जून २०२० पर्यंत भरली. अशी सभा व्हावी असा आग्रह धरणाऱ्यांत इंधनाच्या निवेदनाच्या कर्त्या लुडोस्की याही होत्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हानिकारक वायूंचे उत्सर्जन निदान ४० टक्क्यांनी कमी कसे करावे, आणि तेही सामाजिक न्याय राखून, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. आरंभी त्यांपैकी कित्येकांना या विषयाची फारशी माहिती नव्हती. तज्ज्ञांची साक्ष ऐकून, आपसांत वाद घालून त्यांनी १४९ सूचना केल्या. घरांची दुरुस्ती सक्तीची करा, महामार्गावरील वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटरवर आणा, अशा कठोर सूचनाही त्यांत होत्या. कार्बन कराला मात्र त्यांनी हात लावला नाही. अध्यक्ष माक्राँ यांनी १४६ सूचना स्वीकारल्याचे सांगितले. परंतु ऑगस्ट २०२१ मध्ये जो कायदा झाला, त्यात त्यांतील अनेक सूचना सौम्य झालेल्या किंवा गळालेल्या पाहून त्या नागरिकांची घोर निराशा झाली. इकडे २० लाख सह्यांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या दाव्यात पॅरिसच्या प्रशासकीय न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यसंस्थेला दोषी ठरवले आणि ऑक्टोबरमध्ये झालेली हानी भरून काढण्याचा आदेश दिला.

या सर्व हकिकतीतून एक गोष्ट निर्विवादपणे दिसते. लोकांना गर्दीत, घाईत आणि रागात विचारले, तेव्हा ते ‘नको’ म्हणाले. स्वस्थपणे, माहिती देऊन आणि मान देऊन विचारले, तेव्हा सरकारला जे पेलले नाही इतके त्यांनी कबूल केले. दोन्ही उत्तरे खरी होती. पहिल्या उत्तरातील ‘नको’ हे पृथ्वीच्या रक्षणाला उद्देशून नव्हते. ओझ्याच्या वाटणीला उद्देशून होते. समाजमाध्यमांचा दोष असा की ते उत्तराचा आवाज मोठा करून दाखवते, अर्थ मात्र दाखवत नाही. तो शोधण्याचे काम राज्यकर्त्याला, पत्रकाराला आणि शेवटी इतिहासकाराला स्वतःच करावे लागते.

आणि इतिहासकाराची अडचण पुढे वाढणार आहे. १७८९ च्या वह्यांतील कित्येक आजही दप्तरखान्यांत जपलेल्या आहेत. हवी ती उघडून एखाद्या खेड्यातील शेतकऱ्याने मिठाविषयी काय सांगितले, हे वाचता येते. फेसबुकवरील गट मात्र निघतात, मोडतात, बंद होतात; लिहिणारा आपला शब्द पुसून टाकतो आणि ती भिंत ज्या कंपनीच्या मालकीची आहे, तिच्या मर्जीवर बाकीचे अवलंबून राहते. ज्या शब्दांनी एका सरकारला नमविले, ते दोनशे वर्षांनी कोणाला वाचावयास मिळतील याची शाश्वती नाही.

हवामानबदलाला तोंड देण्यासाठी येत्या काळात प्रत्येक देशाला लोकांकडून काही ना काही मागावे लागणार आहे; आपला देशही त्याला अपवाद असणार नाही. ते मागताना फ्रान्सचा हा अनुभव उपयोगी पडावा. मिठाचा कर आणि डिझेलचा कर यांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर होते; पहिला तिजोरी भरण्यासाठी होता, दुसऱ्याला पृथ्वी वाचविण्याचा हेतू चिकटवला होता. पण तो देणाऱ्याने दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारला : जो माझ्याहून अधिक वापरतो, तो किती देतो? हेतू कितीही थोर असला तरी या प्रश्नाचे उत्तर आधी तयार ठेवावे लागते.